एकटीचा हिमप्रवास

लातूरच्या एका परिचित घरीं परवां बराच खल झाला. घरची थोरली नात, स्वतः मिळविती, माघांत एकटीच काश्मीरला स्कीइंग, म्हणजे पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ, शिकावयास निघाली होती. आजींनीं जप थांबविला; काकांनीं आमचें मत विचारलें.

आम्हीं म्हटलें, खुशाल जाऊं द्यावें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी पतीस मागें ठेवून अमेरिकेस गेल्या, तेव्हांही लोक बोललेच. आतां तर नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला पोहोंचविते. तेथून जम्मू व पुढें काश्मीर. सुमारें २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग येथें केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकविणारी संस्था आहे. वर्गांत शिक्षक असतो, सोबतीही मिळतात.

मात्र एक अट आम्हीं घातली. प्रवास एकटीनें करावा, पण उतारावर एकटें राहूं नये. फेब्रुवारी २०२४ मध्यें गुलमर्गला हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू दगावला. आखलेला उतार सोडून, माहीतगार न घेतां ताज्या बर्फांत शिरणें, हा खरा धोका. म्हणून घरच्यांनीं 'एकटी कां?' असें विचारण्यापेक्षां 'तेथें कोणाबरोबर?' असें विचारावें.

आजी म्हणाल्या, "अग, पण पडलीस तर?"

"आजी, तेथें आधीं पडावें कसें हेंच शिकवितात."

आजींनीं पेटींतून लोकरीचे मोजे काढून तिच्या हातीं दिले. निकाल लागला.