थर वेगळे ठेवा



धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी अर्जुनी मोरगावच्या आमच्या भाच्याने संगणकावर १० सेकंदांची चित्रफीत केली. मागे दीक्षाभूमीचा स्तूप, पुढे गळणारी बोधिवृक्षाची पाने, वर '१४ ऑक्टोबर १९५६'. रात्रभर रेंडर चालले. सकाळी आजीने बोट ठेवले, अरे, १९६५ लिहिलेस! सारे एकाच चित्रात मुरलेले, म्हणून पुन्हा सगळे रेंडरला लावले. मध्येच वीज गेली आणि अर्धवट फाईल उघडेचना.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात राजवाड्याचा पडदा वेगळा, नट वेगळे. पडदा बदलला म्हणून कोणी नट बदलत नाही. तसेच स्तूप, पाने, अक्षरे स्वतंत्र रेंडर करा. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पाने आणि अक्षरे काढताना त्यात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून पीएनजी चित्रे काढा. जेपीजीत पारदर्शकपणा टिकत नाही, मागचा स्तूप झाकला जातो. सेकंदाला २५ प्रमाणे एका थराची २५० चित्रे होतील. वीज गेली तरी झालेली शाबूत राहतात, पुढच्या क्रमांकापासून सुरू करायचे. एडिटरमध्येही २५ चाच वेग ठेवा. खाली स्तूप, त्यावर पाने, सर्वांत वर अक्षरे. तारीख चुकलीच, तर एवढाच वरचा थर पुन्हा काढायचा. आणि रेंडरला लावण्याआधी आजीला दाखवायचे.