दुरुस्तीचा दाखला

नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं एक केंद्र आहे. बोइंगने एअर इंडियासाठी बांधून दिलेलं, २०१५ साली सुरू झालेलं. तिथे एखादा सुटा भाग दुरुस्त होऊन आला, की तो विमानाला लागण्याआधी त्याचा 'फॉर्म १' हा दाखला तपासला जातो. त्यात एक रकाना भागाच्या स्थितीचा असतो: ओव्हरहॉल केलेला, दुरुस्त केलेला, तपासलेला की बदल केलेला. दुरुस्त भागाला तिथे कुणी नाक मुरडत नाही. दाखला नसला, तर मात्र नवाकोरा भागही बाजूला पडतो.

आपल्याकडे उलटं. जुना स्पीकर विकायला आला की गिऱ्हाईक विचारतं, ओरिजिनल आहे ना? आणि विकणारा छातीठोकपणे हो म्हणतो. कॉइल बदलली, पेपर बदलला असं सांगितलं की भाव पडतो, म्हणून कारागीर आपल्याच हातकामाच्या खुणा पुसत बसतो.

फोमचंच घ्या. १९७०च्या दशकातल्या फोम एजच्या वूफरवर आज मऊ, अखंड एज असेल तर ती मूळची नाही, हे धरूनच चालावं. हवेतल्या ओलाव्याने हा फोम आतून विरत जातो आणि पंधरा-वीस वर्षांत बोट लावताच भुगा होतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो टिकेल असं अनेकांना वाटतं. पण उन्हाळाभर त्याच खोलीत कूलर ओली हवा फेकत असतो, ते कुणी मोजत नाही. तेव्हा 'फोम ओरिजिनल' ही जाहिरात वाचली की मला विक्रेत्याचीच शंका येते. विचारायचं ते एवढंच: एज कधी बदलली, आणि चिकटवताना शिम लावून कॉइल गॅपच्या मध्यावर धरली होती का? याउलट जेबीएल डी१३० सारख्या ड्रायव्हरची पन्हाळीदार एज इतकी वर्षं मूळची राहू शकते. तिथे फोम दिसला, तर कोन बदललेला आहे.

कंपनीचं किट वापरलं म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. जेबीएल ४३४३ या मॉनिटरमधला २२३१ए वूफर पाहा. त्याचं किट बंद झालं आणि कंपनीनेच २२३५चं किट पुढे केलं. किट अस्सल, काम चोख, मॅग्नेटवरची पाटी २२३१एची; आतला ड्रायव्हर मात्र २२३५. मूळ रेझोनन्स १६ हर्ट्झ होता, आता २०च्या आसपास मिळेल. वाईट नाही, पण वेगळा आहे, आणि जोडीतल्या एकाचंच असं झालं असेल तर घेणाऱ्याला ते कळायलाच हवं.

मल्टिमीटरवर विसंबणाऱ्यांसाठी एक आठवण. आठ ओहमची कॉइल डीसीवर साधारण साडेपाच-सहा ओहम दाखवते. बाजारात भरलेली तांब्याची कॉइलही तेवढेच दाखवेल. मूळ कॉइल ॲल्युमिनियमच्या चपट्या तारेची असेल, तर तांब्याने वजन वाढतं, रेझोनन्स खाली येतो आणि आवाज दबतो. म्हणून इम्पिडन्सचा आलेख काढा. डस्ट कॅपभोवतीचा गोंद आणि टर्मिनलवरचं सोल्डर भिंगाखाली पाहा. अमेरिकन ड्रायव्हरवरचा आकडा वाचा: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, पुढे वर्ष आणि आठवडा. मात्र तो आकडा बास्केटचं वय सांगतो, पेपरचं नाही.

आणि अल्निको मॅग्नेट 'साफ करायला' खोलू नका, ही विनंती जुनीच आहे. चुंबकीय मार्ग तुटला की त्याची ताकद उतरते, आणि पुन्हा चार्ज करणारी सोय शोधावी लागते. १९७८ च्या सुमारास झाईरमधल्या लढाईने अल्निकोत लागणारं कोबाल्ट महागलं आणि कंपन्या फेराइटकडे वळल्या. तेव्हापासून चांगलं अल्निको जपण्याचीच वस्तू आहे.

दाखलाही खोटा असू शकतो. २०२३ साली लंडनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीने बनावट कागदांसह जेट इंजिनांचे भाग विकल्याचं उघड झालं. म्हणून कागद आणि वस्तू दोन्ही तपासायची. पण आपल्याकडे तपासायला कागदच नसतो. बास्केटच्या आत एक चिठ्ठी चिकटवायला किती वेळ लागतो? तारीख, काय बदललं, किट कुठलं, आधीचा आणि नंतरचा रेझोनन्स, खाली सही.

पुढच्या अंकापासून खरेदी-विक्रीच्या पानावर नुसतं 'ओरिजिनल' छापलं जाणार नाही. मॅग्नेट, कॉइल, पेपर, एज, स्पायडर आणि डस्ट कॅप, प्रत्येकाची स्थिती वेगळी लिहून पाठवावी. ज्याची माहिती नाही, तिथे 'माहीत नाही' लिहिलेलं चालेल.