अजून चालतंय की!

ट्रेकचा बेत ठरला की माळ्यावरची सॅक खाली येते आणि घरोघरी तोच डायलॉग ऐकू येतो, 'अरे, अजून मस्त चालतंय की!' त्यात नुकताच पगार झालेला, शोरूममधला नवा टेंट खुणावतोय. घ्यायचा की नाही?

माझा हिशोब साधा आहे. वस्तू किती जुनी हे नंतर. आधी विचारायचं, ही ऐनवेळी बिघडली तर आपलं काय होईल? सॅकची चेन गेली, तर सेफ्टी पिन आहे. कॅरीमॅट चेपली, तर पाठ जरा कुरकुरेल. पातेल्याला पोचा आल्याने मॅगीची चव बदलत नाही. हा सगळा माल मोडेपर्यंत वापरा, बिनधास्त!

बुटांचं तसं नाही. बऱ्याच ट्रेकिंग शूजच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो आतून हळूहळू कुजत जातो. गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाहीच) खोक्यात जपून ठेवलेल्या, फारसे न वापरलेल्या बुटांचंही हेच होतं. वरून लेदर चकाचक, आणि हरिश्चंद्रगडाच्या अर्ध्या वाटेत सोलचा भुगा. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी बूट वाकवून, सोल अंगठ्याने दाबून बघा. नुसती कड सुटली असेल, तर नाक्यावरचे मोचीकाका आहेत. फोमला भेगा दिसल्या, की टाटा-बायबाय.

टेंट सोसायटीच्या गच्चीवर उभा करा आणि वरून दोन बादल्या पाणी ओता. वॉचमन बघेल, बघू दे. शिवणीतून पाझरतंय? सीम सीलरच्या एका ट्यूबचं काम. पण आतलं कोटिंग चिकट लागतंय, पापुद्रे निघतायत, आंबूस वास येतोय, तर पावसाळ्यात त्याच्या भरवशावर जाऊ नका. कोरड्या थंडीत चालेल.

हार्नेस आणि रोपच्या बाबतीत मात्र नो सेंटिमेंट्स. उत्पादनाची तारीख लेबलवर असते. कंपन्या साधारणपणे जास्तीत जास्त 10 वर्षांची मुदत देतात, तीही न वापरता पडून असला तरी. जोराचा झटका बसला किंवा कापड कुठे कापलं गेलं, तर त्याच दिवशी बाद. आणि प्लीज, असला हार्नेस ग्रुपमधल्या नवख्या ज्युनियरला 'घे रे, वापर' म्हणून देऊ नका. कात्री घ्या, पट्टे कापा, मगच कचऱ्यात टाका.