पारोचे दागिने

संजय लीला भन्साळी यांचा 'देवदास' २००२ च्या मे महिन्यात कान महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखविला गेला आणि जुलैत आपल्याकडे प्रदर्शित झाला. पुढे फिल्मफेअरची १० पारितोषिके, ५ राष्ट्रीय पुरस्कार आणि 'बाफ्टा'चे नामांकनही त्याला लाभले. अमेरिकेतील 'टाइम'च्या समीक्षकाने तर तो डोक्यावर घेतला. येथील समीक्षकांत मात्र दोन तट पडले. एकाला भव्यतेची भुरळ पडली; दुसऱ्याला त्या काचमहालात शरद्बाबूंचा देवदासच सापडेना. (विलायती शिफारस आली की आपली जीभ थोडी सैल होते, हा जुनाच रोग!)

दोन्ही तट बोलत राहिले ते प्रामुख्याने वैभवाविषयी आणि मूळ कथेशी असलेल्या निष्ठेविषयी. वास्तविक कथेत बदल करणे हा काही अपराध नव्हे. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी कधी भेटतच नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये त्यांना रस्त्यात समोरासमोर आणले. एक पालखीत, दुसरी पायी. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि एक शब्दही न बोलता निघून जातात. बदल हाही होता, पण त्याने शरद्बाबूंची व्यथा गडद केली. भन्साळींनी त्याच दोघींना भरजरी वस्त्रांत एकत्र नाचविले.

प्रश्न आहे तो पारोचा. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील पार्वती बिजवराच्या घरात जाते, तेव्हा तिचा सावत्र मुलगा तिच्याहून वयाने मोठा असतो. सावत्र मुलगी रुसून दूर राहते. पार्वती तिला जवळ घेते आणि आपले सारे अलंकार तिच्या अंगावर चढविते. स्वतः साधेपणाने राहून ती अतिथी-अभ्यागतांच्या सेवेत मन गुंतविते. प्रेम हरवलेल्या स्त्रीने कर्तव्याला दिलेला हा होकार आहे. पण जखम भरलेली नाही, हेही लेखक विसरू देत नाही. पडद्यावरील पारो मात्र अखेरपर्यंत दागिन्यांनी मढलेली! देवदासचे मद्य आणि महालाच्या काचा यांवर स्तंभच्या स्तंभ खर्ची पडले. त्या मानाने या उतरविलेल्या अलंकारांची वास्तपुस्त फार थोडी झाली.

मामा वरेरकरांनी शरद्बाबूंच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्या वाचून वाढलेल्या पिढीला ही पार्वती परकी नव्हती. केवळ २००२ चा चित्रपट पाहिलेल्या तरुणाला मात्र तिने दागिने उतरविले होते, याचा पत्ताही लागत नाही.