पंचांनी कारण सांगावे

रॅप बॅटलचा अंतिम सामना संपतो, पंच एकाचा हात वर करतात आणि खरे भांडण तिथून सुरू होते. "आपल्या पोराला मुद्दाम हरवलं" असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. हरलेल्याचे नाव मुसलमान असेल तर कारण त्याच्या नावात शोधले जाते. जिंकलेल्याचे नाव मुसलमान असेल तर "त्यांच्या लोकांनी गर्दी केली" असे म्हटले जाते. मला वाटते, हा वाद निकाल चुकल्यामुळे जेवढा पेटतो, त्याहून जास्त निकालाचे कारण न सांगितल्यामुळे पेटतो. पंच गप्प बसले की लोक आपापला संशय हेच कारण धरतात.

पंच चुकू शकतात, हे गृहीतच धरायला हवे. १९९७ साली लॉस एंजेलिसच्या 'रॅप ऑलिंपिक्स' स्पर्धेत एमिनेम अंतिम फेरीत हरला आणि दुसरा आला. पुढे त्याचे गाणे डॉ. ड्रेपर्यंत पोहोचले आणि तो जगभर गाजला. त्याचे चाहते त्या निकालाबद्दल अजूनही बोलतात. पण हरलेला प्रत्येक जण एमिनेम होत नाही. गावातल्या पोराला दुसरी संधी मिळेलच असे नाही, म्हणून त्याचा निवाडा अधिक जपून व्हायला हवा.

तो कसा व्हावा, याचा एक दाखला अरबी साहित्याच्या जुन्या ग्रंथांत सापडतो. इस्लामपूर्व काळात उकाजच्या बाजारात कवी जमत. नाबिगा हा बुजुर्ग कवी लाल कातड्याच्या तंबूत बसून त्यांची कविता ऐके आणि निवाडा देई. एकदा त्याने आअशा या कवीला पहिला मान दिला आणि त्याच्या खालोखाल खन्सा या कवयित्रीला. हस्सान बिन साबित भडकले. मी तुझ्याहून मोठा कवी आहे, असे ते पंचाच्या तोंडावर म्हणाले. नाबिगाने त्यांना हाकलून दिले नाही, त्यांच्या कवितेतले दोष दाखवले. मेजवानीच्या थाळ्यांसाठी तू थोडेपणा दाखवणारे अनेकवचन वापरलेस, तलवारींतून रक्त ठिबकते म्हणालास पण वाहते म्हणाला नाहीस, बापजाद्यांचा सोडून मुलाबाळांचा अभिमान सांगितलास.

ही कारणे बरोबर होती का? कितीतरी काळानंतर, दहाव्या शतकात, कुदामा बिन जाफर या समीक्षकाने हस्सान यांची बाजू घेऊन त्यांतल्या काही आक्षेपांना उत्तर दिले. कारण सांगितलेले होते, म्हणूनच ते खोडता आले. कारण न सांगितलेल्या निकालावर फक्त शिवीगाळ करता येते. त्या दिवशी मागे पडलेले हस्सान पुढे प्रेषितांचे (स.) कवी झाले, हेही विसरू नये.

आपल्या मराठी मातीतही शब्दांचे सामने काही नवीन नाहीत. कलगी-तुऱ्यात तुरेवाले शिवाची बाजू घेतात आणि कलगीवाले शक्तीची. परंपरा या दोन पक्षांचे मूळ तुकनगीर आणि शाह अली या दोघांपर्यंत नेते. एक हिंदू गोसावी, दुसरा मुसलमान फकीर. जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते आणि होनाजी बाळाचे ते प्रतिस्पर्धी. या सामन्यात एकाने कवनातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने कवनातच जवाब द्यायचा. जवाब आला की नाही, हे समोर बसलेल्या शेतकऱ्यालाही कळे. निकालाचे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

आता अलीकडचे पाहा. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी 'बिग बॉस'च्या १६व्या हंगामाचा किताब पुण्याच्या एमसी स्टॅनने जिंकला आणि अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. ती काही रॅप बॅटल नव्हती, पण एका रॅपरच्या किताबावरून महाराष्ट्रात एवढी चर्चा क्वचितच झाली असेल. निकाल मतांवर लागला. प्रेक्षकांच्या मतांना कारण विचारता येत नाही. मग स्टॅन का जिंकला, याची ज्याची त्याची उत्तरे तयार झाली. घरात दोघे एकमेकांचे मित्र होते, बाहेर त्यांचे चाहते हमरीतुमरीवर आले.

आमच्या परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक येतात. चांगल्या शेराला आणि चांगल्या कव्वालीला दाद देताना कुणी कवीची जात विचारत नाही. याच जिल्ह्यातली पोरे आता दखनी आणि मराठी मिसळून रॅप लिहितात. कापसाचा भाव, आटलेली विहीर, पुण्याला कामाला गेलेला भाऊ, हे सगळे त्यांच्या शब्दांत येऊ शकते. अशा पोरांची स्पर्धा कुणी भरवणार असेल, तर त्याच्याकडे माझे चार मागणे आहेत.

पंच तीन असावेत आणि त्यांतल्या निदान एकाला दखनी व मराठी दोन्ही पक्क्या कळाव्यात. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नकोस, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) हजरत अलींना दिली होती. ज्याला भाषाच कळत नाही, त्याने ऐकले असे कसे म्हणायचे? गुण कशाला मिळणार, हे सामन्याआधी सांगावे. यमक, ताल, जवाबाची धार, जे काही असेल ते. आई-बहीण, जात आणि धर्म यांवरच्या ओळीला गुण नाहीत, हेही तेव्हाच सांगावे. टाळ्यांचे बक्षीस हवे तर वेगळे ठेवावे. आणि शेवटी प्रत्येक पंचाने माइक हातात घेऊन दोन वाक्यांत कारण सांगावे.

याला पैसा लागत नाही, थोडी हिंमत लागते. हरलेल्या पोराला ते कारण पटणार नाही कदाचित. पण घरी जाताना त्याच्याजवळ सुधारायला किंवा खोडायला काहीतरी असेल. आपल्या नावामुळे हरलो, हा विचार घेऊन त्याला परतावे लागणार नाही.