घर बांधणाऱ्याचा दुसरा हिशेब

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपली जुनी म्हण आहे. घर बांधताना धन्याची जी दमछाक होते ती या म्हणीने नेमकी सांगितली. परंतु त्याच वेळी शेजाऱ्याला जे सोसावे लागते त्याचा उल्लेख तीत नाही. सिमेंटची धूळ त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, रस्त्यावर ओतलेली वाळू पहिल्या पावसात गटारात जाते आणि जुन्या भिंतींचा राडारोडा रातोरात ओढ्याच्या काठी लोटला जातो. एका घराची ही कथा, तर जी कंपनी एकाच वेळी शेकडो घरे उभारते तिची झळ किती जणांना लागत असेल? आणि ती झळ कमी करणे तिच्या हाती कितपत असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण भोपाळ शहराकडे पाहू.

भोपाळचे नाव निघाले की १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरमधील ती काळरात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. तो अपघात बांधकामाचा नव्हता हे खरे. परंतु त्यानंतर, १९८६ साली, पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच कायद्याच्या आधारे १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या अधिसूचनेने मोठ्या इमारतींनाही बंधन घातले. २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठे बांधकाम करावयाचे तर कुदळ मारण्यापूर्वी पर्यावरणाची मंजुरी घ्यावी, असा तो दंडक होय. ‘पूर्वी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भोपाळच्या त्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलविण्यास २०२५ सालचा जानेवारी उजाडला. वेळीच न मांडलेला हिशेब चाळीस वर्षांनंतरही कसा पाठ सोडीत नाही, याचे हे उदाहरण पुरेसे आहे.

आता कंपनीने करावयाच्या गोष्टी पाहू. त्या फारशा अवघड नाहीत. पाया खणण्यापूर्वी वरची सुपीक माती वेगळी काढून झाकून ठेवावयाची, म्हणजे पुढे बागेसाठी तीच उपयोगी पडते. जागेभोवती पत्र्याचा आडोसा करावयाचा, धुळीच्या वाटेवर पाणी मारावयाचे, वाळूचा ट्रक ताडपत्री बांधूनच बाहेर काढावयाचा. राडारोड्याचे तर निम्मे काम निवडण्यातच आहे. काँक्रीट, विटा, लोखंड, लाकूड वेगवेगळे ठेवले तर त्यांतील पुष्कळसे पुन्हा वापरता येते. एकत्र केले की सारा कचराच. २०१६ सालच्या सरकारी नियमांनीही मोठ्या बांधकामांना असेच वर्गीकरण सांगितले.

यांतील मातीची गोष्ट भोपाळला विशेष लागू पडते. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला असे मानले जाते तो ‘बडा तालाब’ आजही शहराच्या मोठ्या भागाची तहान भागवितो; २००२ साली त्याची रामसर यादीत नोंद झाली. उतारावर उघडी टाकलेली माती पावसाबरोबर अशा जलाशयात उतरते, तळ गाळाने भरतो आणि पाणी साठविण्याची शक्ती घटते. उघड्या मातीचा ढीग झाकणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नाही, ती पिण्याच्या पाण्याची बाब आहे.

तरीही एक गोष्ट अशी आहे की ती कितीही काळजी घेतली तरी नंतर सुधारता येत नाही. ती म्हणजे जागेची निवड. भोपाळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि सरकारी नोकरांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतील शिवाजीनगरच्या अंगणांत लावलेली झाडे आज घरांहून उंच झाली आहेत. २०१६ साली स्मार्ट सिटीसाठी हाच भाग निवडला गेला, तेव्हा रहिवाशांनी विरोध केला आणि योजना तात्या टोपे नगरात नेण्यात आली. तेथेही झाडे तुटलीच. २०२४ च्या जूनमध्ये शिवाजीनगर व तुलसीनगर येथे मंत्री आणि आमदारांसाठी नवी निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला. सुमारे २९,००० झाडे जाणार, असे कळताच लोक घराबाहेर पडले. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, बुंध्यांना राखीचे धागे बांधले. थोड्याच दिवसांत तो प्रस्ताव मागे घेत असल्याचे राज्याच्या मंत्र्यांनी जाहीर केले.

तोडलेल्या झाडाबद्दल दुसरीकडे रोपे लावू, असे आश्वासन अशा वेळी नेहमी दिले जाते. रोपे लावावीत, त्यात वाईट काही नाही. पण साठ वर्षांच्या झाडाची सावली रोपाला साठ वर्षांनीच येणार, आणि तीही दुसऱ्याच रस्त्यावर. म्हणून कंपनीची खरी परीक्षा समारंभाने रोप लावण्याच्या दिवशी होत नाही. नकाशा काढताना कोणते झाड राखण्यासाठी भिंत वळविली, यात होते.

ही केवळ शहराची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. उद्या आपल्या गावात शाळेची इमारत, सभागृह किंवा नवी वसाहत उभी राहील. तेव्हा पायाभरणीच्या आधी कंत्राटदाराला चार प्रश्न विचारावे. खणलेली माती कोठे ठेवणार? राडारोडा कोठे टाकणार? पाणी कोणत्या विहिरीचे घेणार? आणि कोणती झाडे राखणार? उत्तरे कागदावर लिहून घ्यावी. प्रश्न विचारणारा माणूस गावाच्या प्रगतीच्या आड येतो, असे म्हणणारे भेटतीलच. त्यांनी रागावू नये. भोपाळच्या त्या बायकांनी वेळेवर विचारले, म्हणून शिवाजीनगरची सावली आज उभी आहे. झाड पडल्यानंतर हेच प्रश्न विचारले असते, तर त्यांचा काहीच उपयोग झाला नसता.