पावसातला चषक

खेळाच्या मैदानावर ना जात असते ना वर्ण, तिथे फक्त गुण पाहिले जातात, असे क्रीडामहोत्सवाच्या भाषणांतून आपण सर्वांनीच ऐकले आहे. टाळ्याही वाजवल्या आहेत. पापवा सेवगोलमची हकीकत कळल्यापासून मात्र या वाक्याला टाळी द्यायला माझे हात धजत नाहीत.

पापवा दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा. 1860 पासून नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांवर कराराने नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातला. त्याचे कागदोपत्री नाव सेवसंकर, म्हणजे आपला शिवशंकरच! गोल्फ तो शिकला कॅडी म्हणून, इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहता वाहता. उजव्या हाताने खेळणारा गोल्फपटू काठी धरताना उजवा हात खाली ठेवतो. पापवा डावा ठेवी. कोणत्याही शिक्षकाने चूक ठरवली असती अशा या पकडीने त्याने 1959, 1960 आणि 1964 साली डच ओपन जिंकली.

1963 साली डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर त्याने नाताळ ओपनही जिंकली. बक्षीस देण्याची वेळ आली तेव्हा पाऊस पडत होता. वर्णभेदाच्या नियमांमुळे क्लबच्या इमारतीत भारतीय खेळाडूला प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत राहिले आणि विजेत्याला चषक मिळाला तो बाहेर, पावसात. ते छायाचित्र जगभर गाजले.

त्या छायाचित्राबद्दल सगळेच हळहळतात. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. पावसातली मानहानी घटकाभराची होती. खरा अन्याय नंतरचा, ज्याचे छायाचित्र निघत नाही. 1965 साली पापवाने पुन्हा नाताळ ओपन जिंकली आणि तीही गॅरी प्लेअरला मागे टाकून. त्यानंतर गोऱ्यांच्या स्पर्धांत उतरण्याची परवानगी सरकारने त्याला नाकारली. त्याचा पासपोर्टही काढून घेतला. पापवा तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता. क्रिकेटमध्ये हे वय निवृत्तीचे ठरेल, गोल्फमध्ये नव्हे. प्लेअरने त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकली आणि पुढे आणखी पाच प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्यांतली शेवटची 1978 ची मास्टर्स, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याच 1978 साली पापवा हृदयविकाराने वारला. पापवाने तेवढेच यश मिळवले असते, असा माझा दावा नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि नेमके हेच त्याच्याकडून हिरावून घेतले गेले.

कोणी म्हणेल, तो परका देश, तो गोऱ्यांचा कायदा. आपला काय संबंध? पण आपल्या पुण्यात असा कायदा नसतानाही बाळू पाळवणकर यांना चहा मिळत असे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. कारण ते अस्पृश्य मानलेल्या जातीतले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाची हिंदू संघाच्या कर्णधारपदी कधीच नेमणूक झाली नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना तो मान मिळायला 1923 साल उजाडावे लागले. म्हणजे चेंडू चालत होता, हात चालत नव्हता!

म्हणून मला वाटते, खेळ आपण होऊन कोणताही भेद मिटवत नाही. परवाने देणारी, संघ निवडणारी, क्लबचे दार उघडणारी माणसे तो मिटवतात किंवा जपतात. आपल्यापैकी काहीजण उद्या शाळेत शिक्षक होतील, काही जिमखान्यांच्या समित्यांवर बसतील. चषक कोणाचा, हे गुणफलक ठरवील. खेळायला कोणाला उतरू द्यायचे, हे मात्र आपल्या हाती असेल.

डर्बनमधील एका गोल्फ मैदानाला पुढे पापवाचे नाव देण्यात आले. चांगलेच झाले. पण 1965 नंतरची तेरा वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत.